पाणी चढतंय, म्युझिक काय लावू?

गेम चालतोय. बाण दाबला की पोरगं पळतंय, स्पेसबार दाबला की उडी मारतंय, भिंतीला धडकलं की थांबतंय. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे अभ्यास सोडून तुम्ही हे केलंय, त्यामुळे कौतुक तर व्हायलाच हवं. मित्राच्या हातात लॅपटॉप देता. तो दोन मिनिटं खेळतो आणि म्हणतो, "भारी आहे रे. पण असं मुकं मुकं काय वाटतंय?"

म्युझिक नाहीये!

मग तुम्ही तेच करता जे आपण सगळेच करतो. यूट्यूब उघडायचं, 'एपिक बॅकग्राउंड म्युझिक' असं टाइप करायचं, पहिलं-दुसरं जे येईल ते उतरवायचं आणि गेमखाली चिकटवायचं. दहा मिनिटांत काम खल्लास. मीही हेच केलं होतं. माझ्या पहिल्या गेममध्ये एक मुंगी साखरेचे दाणे गोळा करायची आणि तिच्या मागे हॉलिवूडच्या युद्धपटातला अख्खा वाद्यवृंद वाजायचा. मुंगी दाणा उचलते, व्हायोलिनं अंगावर कोसळतात. लोक पोट धरून हसायचे. गेम विनोदी नव्हता.

गेमला म्युझिक 'लावणं' सोपं आहे. एका ओळीचं काम. कुठलं लावायचं, कुठे थांबवायचं आणि ते कुणाचं आहे, हे तीन प्रश्न अवघड आहेत. एक गेम समोर ठेवूनच बोलू, म्हणजे नुसतं हवेतलं बोलणं होणार नाही.

समजा, महाडचा गेम आहे

समजा तुम्ही महाडचे आहात. किंवा पोलादपूरचे, आणि रोज एसटीने महाडला कॉलेजला येता. (तुमचं गाव दुसरं असेल तर तुमच्या नदीचं नाव घाला, फारसा फरक पडणार नाही.) आणि तुम्ही गेम केलाय तो पुराचा.

२०२१ च्या जुलैमध्ये तुम्ही शाळेत होतात. २२ जुलैला महाड पाण्यात होतं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाडजवळ तिला गांधारीही येऊन मिळते. त्या दिवशी वर महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अशा वेळी खाली खाडीला भरती असली की पाण्याला पुढे सरकायला जागा नसते, आणि मधे आपलं शहर. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही. त्याआधी २००५ च्या जुलैमध्ये दासगाव आणि जुईनं हेच पाहिलं होतं. म्हणजे महाडमध्ये पूर ही गोष्ट घरातल्या प्रत्येक पिढीकडे आहे.

तर तुमच्या गेममध्ये बाजारपेठेतलं एक दुमजली घर आहे. वर पत्र्याचं छप्पर. खाली पाणी चढतंय. खेळणाऱ्याने जिन्यावरून सामान वर न्यायचंय: तांदळाचा डबा, आजीच्या गोळ्या, दहावीचं मार्कशीट, रेशनकार्ड, शिलाई मशीन. एका वेळी एकच वस्तू. काय आधी न्यायचं, हाच गेम. आयडिया चांगली आहे. आता सांगा, याच्या मागे काय वाजवाल?

एपिक लावलंत तर पूर म्हणजे लढाई होते आणि आजीच्या गोळ्या म्हणजे तलवार. करुण बासरी लावलीत तर ती टीव्हीवरच्या बातम्यांमागे वाजते तशी वाजेल. खेळणाऱ्याला अजून काही वाटलेलंच नाही आणि तुम्ही आधीच सांगताय, आता रडा. टुणटुण आठ-बिटवालं लावलंत तर... ज्यांचं शिलाई मशीन खरंच गेलं त्यांच्यासमोर हा गेम उघडायची हिंमत होईल का, एवढं स्वतःला विचारा.

म्हणून मी म्हणतो, म्युझिक ही गेमवरची सजावट नाही. जे घडतंय त्याच्याबद्दल तुमचं मत काय आहे, ते खेळणाऱ्याला पहिल्या पाच सेकंदांत म्युझिकमधून कळतं. चित्रं नंतर येतात.

चार सूर आणि पन्नासेक राक्षस

जपानच्या टायटो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ मध्ये आला. तोमोहिरो निशिकादो नावाच्या माणसाने केलेला. वरून परग्रहवाल्यांच्या रांगा खाली सरकतायत, तुम्ही खालून गोळ्या मारताय. त्याच्या मागे काय वाजतं? फक्त चार खर्जातले सूर, उतरत्या क्रमाने, पुन्हा पुन्हा. ढूम, ढूम, ढूम, ढूम. बस.

पण शत्रू कमी होत गेले की उरलेले जोरात पळायला लागतात, आणि त्यांच्याबरोबर ते चार सूरही. यातली गंमत अशी की शत्रू जोरात पळायला लागले ते आधी ठरवून नव्हे. स्क्रीनवर काढायला कमी आकृत्या उरल्या की त्या जुन्या प्रोसेसरचं काम हलकं व्हायचं आणि तो झपाझप पळायचा. निशिकादोने ते तसंच ठेवलं. चार सुरांवर अख्ख्या जगातल्या पोरांचे तळहात घामेजले.

१९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्येही तेच. घड्याळात शंभरपेक्षा कमी उरले की कोजी कोंदोचं तेच म्युझिक वेगाने वाजायला लागतं. नवीन धून नाही. तीच, फक्त घाईत.

आता आपल्या गेमकडे या. आपल्याकडे चढणारं पाणी आहे, आणि पाण्याच्या पायऱ्या सरकारनेच ठरवून दिल्यात. पावसाळ्यातली बातमी आठवा: 'सावित्रीने इशारा पातळी ओलांडली', 'सावित्री धोका पातळीच्या वर'. हे झाले तुमच्या म्युझिकचे तीन टप्पे. इशारा पातळीच्या खाली, इशारा ते धोका, आणि धोक्याच्या वर.

करायचं कसं? तीन वेगळी गाणी लावून एक बंद, दुसरं चालू असं करू नका. तो सांधा फार वाईट ऐकू येतो. एकाच लांबीचे तीन थर करा. पहिला नुसता पाऊस. दुसऱ्यात ढोलाचा एक सुटा ठोका, ठराविक अंतराने. तिसऱ्यात तोच ठोका दुप्पट दाट. तिन्ही एकाच क्षणी सुरू करायचे, पण दुसऱ्या-तिसऱ्याचा आवाज शून्यावर. पाणी इशारा पातळीला लागलं की दुसऱ्याचा आवाज तीन-चार सेकंदांत हळूहळू वर आणायचा. तिन्ही एकाच तालात चालू असल्यामुळे कुठूनही वर आणा, तुटत नाही. यासारखी, म्हणजे प्रसंगाबरोबर न अडखळता बदलणाऱ्या संगीताची यंत्रणा लुकासआर्ट्सच्या मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी 'मंकी आयलंड २' साठी १९९१ मध्ये केली होती. आज ते तुमच्या जुन्या लॅपटॉपवरही होतं. गोडोमध्ये ४.३ पासून तर असे थर एकत्र चालवायची सोयच दिलीय. नसेल तर तीन प्लेअर ठेवा आणि व्हॉल्यूम बदला, झालं.

पाऊस पकडायचा कसा

पहिला थर पाऊस. तो नेटवरून उतरवू नका. चार महिने तुमच्या डोक्यावर पडतोय तो फुकट आहे, आणि नेटवरच्या कुठल्यातरी युरोपातल्या पावसापेक्षा वेगळाही आहे. कौलावर पडणारा पाऊस मऊ असतो, पत्र्यावरचा तडतडतो, आणि जोर वाढला की थेंब ऐकू येणंच बंद होतं, नुसती एकसंध घरघर उरते. महाड-पोलादपूरकडच्या माणसाला डोळे मिटून कळतं, हा साधा पाऊस आहे की आज काही खरं नाही असा पाऊस आहे. ही अक्कल तुमच्याकडे आधीपासून आहे. वापरा.

फोन पुरेसा आहे. फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर रेकॉर्ड करू नका, ती आवाज फार पिळून काढते. फोनमधलं साधं रेकॉर्डर अ‍ॅप घ्या आणि फाइल मित्राला पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वारा असेल तर माइकवर रुमालाची एक घडी. कमीत कमी दोन मिनिटं सलग, आणि त्या दोन मिनिटांत घरातल्यांना 'चहा घेतोस का' विचारायला मनाई. (विचारतीलच. पुन्हा करा.)

आता तो लूप. गेममधली धून संपत नाही, ती गोल फिरते, आणि सगळी बोंब तिथेच होते. शेवट संपून सुरुवात येते तिथे 'टक्' वाजतं किंवा क्षणभर भोक पडतं. कारणं दोन. एक, फाइल एमपीथ्री असणं. एमपीथ्री बनवताना सुरुवातीला आणि शेवटाला शांततेचा छोटा तुकडा जोडला जातो. गाणं ऐकताना तो कळत नाही, लूपमध्ये दर वेळी कळतो. म्हणून लूपसाठी ऑग किंवा वेव्ह. वेव्ह मात्र जड असते. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला दहा एमबी खाते, ऑग साधारण एक एमबी. घाटातल्या गावात बसून, रेंज शोधत, गेम डाउनलोड करणाऱ्या मित्राची दया असू द्या.

दुसरं कारण, लहर मधेच कापणं. आवाज म्हणजे वर-खाली होणारी रेघ. ती शून्यावर असताना कापली तर सांधा गप्प बसतो, वर असताना कापली तर टक्. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात तुकडा निवडून 'झेड' दाबलं की निवड आपोआप शून्यावर सरकते.

पावसाला ताल नसतो, म्हणून त्याच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. मिनिटभराचं रेकॉर्डिंग बरोबर मधे कापा. दुसरा अर्धा भाग पुढे आणा, पहिला मागे न्या. आता मूळचा शेवट आणि मूळची सुरुवात फाइलच्या मधोमध भेटतात. तिथे दोन-तीन सेकंद एकमेकांवर चढवून एक हळूहळू कमी, एक हळूहळू जास्त करा. आणि फाइलची नवी टोकं? ती मुळात सलगच होती, आपण कापलेली. त्यामुळे लूप फिरला तरी सांधा सापडत नाही. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा तासभर नुसता पाऊस ऐकत बसलो होतो.

एक पथ्य. लूपमध्ये ओळखू येईल असं काही नको. तीसाव्या सेकंदाला कुत्रं भुंकलं असेल तर दुसऱ्या फेरीला खेळणारा हसेल आणि पाचव्या फेरीला वैतागेल. कुत्रं, दूरचा हॉर्न, कुणीतरी मारलेली हाक हे वेगळे तुकडे ठेवा आणि कधीतरी, ठराविक वेळ न पाळता वाजवा. अजून एक: पावसाचा लूप ३७ सेकंदांचा आणि बेडकांचा २३ सेकंदांचा ठेवा. दोन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला ८५१ सेकंद लागतात, म्हणजे चौदा मिनिटांहून जास्त. तेवढा वेळ तुमचा गेम कोण खेळणार आहे!

दर सेकंदाला साठ वेळा

कोडबद्दल थोडंच सांगतो. नव्याने गेम करणाऱ्यांच्या दोन चुका मात्र पेटंट आहेत.

पहिली: म्युझिक सुरू करायची ओळ, दर फ्रेमला चालणाऱ्या भागात लिहायची. मग धून सेकंदाला साठ वेळा सुरू होते आणि डास कानात शिरल्यासारखा आवाज येतो. स्क्रॅचवाल्यांचं हेच 'फॉरेव्हर'च्या आत 'स्टार्ट साउंड' टाकून होतं, तिथे 'प्ले साउंड अनटिल डन' हवं. पायगेममध्ये एकदाच प्ले म्हणायचं आणि कंसात उणे एक लिहायचं, की ते थांबवेपर्यंत फिरत राहतं.

दुसरी: पोरगं जिना चढून वर गेलं की सीन बदलतो आणि पाऊस पहिल्यापासून सुरू होतो. कारण म्युझिकचा प्लेअर तुम्ही त्या सीनच्या आतच ठेवलाय, सीन गेला की तोही गेला. तो सीनच्या बाहेर काढा. गोडोमध्ये ऑटोलोड, युनिटीमध्ये डोन्टडिस्ट्रॉयऑनलोड. एकदा तो बाहेर काढलात की बोनस मिळतो. वरच्या मजल्यावर पत्रा डोक्याजवळ, म्हणजे पावसाचा आवाज मोठा आणि खालच्या पाण्याचा लहान. खाली उतरलं की उलट. खेळणाऱ्याला न बघता कळतं की आपण कुठे आहोत. त्यासाठी एकही नवीन धून लागत नाही.

आणि गेम ब्राउझरवर टाकणार असाल तर सुरुवातीला 'सुरू करा' असं बटण ठेवाच. क्रोम २०१८ पासून, माणसाने पानावर कुठेतरी क्लिक केल्याशिवाय आवाज सोडत नाही. पोरं रात्र रात्र कोडमध्ये चूक शोधतात आणि चूक नसतेच.

ढोल फोनवर ऐकू येत नाही

दुसरा थर ढोलाचा म्हटलं. इथे दोन अडचणी आहेत. एक छोटी आणि एक मोठी.

छोटी अशी, की तुमचा गेम बहुतेक जण फोनवर, इअरफोन न लावता खेळतील. फोनच्या त्या नखाएवढ्या स्पीकरला खर्ज काढता येत नाही. ढोलाचा जो 'धम्म' छातीत बसतो, तो फोनवर गायबच होतो, उरतं फक्त टिपरूचं 'टक'. ताशा मात्र व्यवस्थित कडकडतो. म्हणजे लॅपटॉपवर तुम्ही बनवलेली भीती मित्राच्या फोनवर पोचलीच नाही! उपाय: ठोक्याचा वरचा, टणक आवाज मुद्दाम थोडा उठवा, आणि प्रत्येक बदल गेममध्ये टाकण्याआधी स्वस्तातल्या स्वस्त फोनवर ऐका. रेकॉर्ड करताना ढोलाच्या फार जवळ जाऊ नका, आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

मोठी अडचण वेगळी. ढोल कुणाचा?

आपल्या भागात वाजवणाऱ्यांची कमतरता नाही. महाशिवरात्रीच्या सुमारास महाडला विरेश्वराचा छबिना असतो, गावोगावच्या पालख्या येतात, सनई-ढोल-ताशा-झांजेचा खालूबाजा असतो. गणपतीत पोलादपूरकडच्या वाड्यांमध्ये जाखडी उभी राहते, पायातले चाळ आणि ढोलकी एकमेकांत मिसळतात. शिमग्याला पालखी घरी येते. तुम्ही फोन वर धरायचा अवकाश, म्युझिक तयार. आणि लोककला म्हणजे सगळ्यांची, असं आपण म्हणतोच.

थांबा जरा. पारंपरिक चाल सगळ्यांची असू शकते. गेमबॉयवरच्या 'टेट्रिस'ची ती प्रसिद्ध धून 'कोरोबेनिकी' नावाच्या रशियन लोकगीताची आहे. खेड्यातली चाल १९८९ मध्ये जपानी खेळण्यात बसून जगभर गेली. ती वापरायला कुणाला विचारावं लागलं नाही, कारण त्यांनी चाल घेतली आणि आपल्या यंत्रावर नव्याने वाजवली. पण तुमच्या फोनमध्ये जे आहे ती चाल नाही, एका जिवंत माणसाने त्या संध्याकाळी वाजवलेली सनई आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ३८ वं कलम सादर करणाऱ्या कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क देतं, पन्नास वर्षं. शिवाय जाखडीतली शक्ती-तुऱ्याची गाणी कित्येकदा हयात असलेल्या शाहिराने त्याच वर्षी रचलेली असतात. ती 'लोक'च्या नावावर खपवता येत नाहीत.

कायदा बाजूला ठेवू. पालखीचा बाजा तुम्ही 'गेम ओव्हर'च्या मागे लावलात आणि तो वाजवणाऱ्या काकांनी ऐकला, तर?

मग विचारायचं. सोपं आहे. बाजा थांबला, लोक चहाला वळले की जायचं.

"काका, मी कॉम्प्युटरवर गेम केलाय. पुराचा. त्यात तुमचा ढोल घेऊ का?"

"गेमात? ढोल कशाला गेमात?"

"पाणी चढतं तेव्हा वाजायला."

त्यानंतर काय होईल सांगता येत नाही. कदाचित नको म्हणतील. कदाचित म्हणतील, मग हा ठोका नको, तो घे. हे दुसरं जास्त वेळा होतं असा माझा अनुभव आहे, आणि तेव्हा जे मिळतं ते गर्दीत चोरून घेतलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा कितीतरी साफ असतं, कारण ते फक्त तुमच्यासाठी वाजवलेलं असतं. देवाचा बाजा गेममध्ये नको असं वाटत असेल तर ते ऐका, साधा सुटा ठोका मागा. होकार मिळाला तर तो फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, नाव गेमच्या श्रेयनामावलीत घाला, कसं लिहायचं ते त्यांनाच विचारून. आणि गेम विकणार असाल तर पैशाचं आधीच बोला, नंतर नाही.

तानाजी, अफझलखान आणि वामनदादा

सगळ्यांना पुराचा गेम करायचा नसतो, मान्य. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव, आंबेनळी घाट चढून गेलं की प्रतापगड. इथल्या पोराने तलवारीचा गेम नाही करायचा तर कुणी करायचा? मग लगेच 'तान्हाजी' सिनेमाचं पार्श्वसंगीत उचलावंसं वाटतं. ते नाही चालत. दहाच सेकंद घेतलं तरी नाही, 'क्रेडिट टु ओनर' लिहिलं तरी नाही. या दोन्ही समजुती कुणी पसरवल्या देव जाणे, कायद्यात त्या नाहीत.

त्यापेक्षा मागे जा. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाने शिवकाळातच रचला, तुळशीदासाचा तानाजीवरचा पोवाडाही जुना आहे. ते शब्द आता कुणाच्याही मालकीचे नाहीत. मात्र एखाद्या आजच्या शाहिराने गाऊन काढलेलं रेकॉर्डिंग त्याचं आणि ते काढणाऱ्या कंपनीचं असतं. भारतात रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो. शब्द घ्या, आणि डफ वाजवणारा मित्र शोधा. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी एक तरी असतोच.

चवदार तळ्यावर, २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहावर कुणाला काही करायचं असेल तर वामनदादा कर्डकांची गाणी आठवणारच. इथे मात्र शब्दही मोकळे नाहीत. कवीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४ संपेपर्यंत. परवानगी घ्यावी लागेल. आणि हा विषय गेमचा आहे का, यावर आधी चार माणसांशी बोला. तळ्यावर ज्यांचे आजे-पणजे गेले होते अशी माणसं महाडमध्ये भेटतात.

पैसे नाहीत, वाजवणारा मित्र नाही, मुदत उद्याची आहे, अशा वेळी फ्रीसाउंड आणि ओपनगेमआर्ट आहेत. पण तिथेही प्रत्येक फाइलखालचं लायसन वाचा. सीसी-झिरो म्हणजे खुशाल घ्या. सीसी-बाय म्हणजे नाव द्या. एनसी लिहिलं असेल तर गेममधून पैसे कमवायचे नाहीत. तीन अक्षरं वाचायला तीन सेकंद लागतात.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला तेव्हा परदेशातल्या समीक्षकांनीही त्याच्या म्युझिकबद्दल लिहिलं. तो स्टुडिओ काही मोठा नव्हता. तरी त्यांनी गेमसाठी स्वतंत्र संगीतकार घेतला, लिनोस त्सेलोस, आणि तो ग्रीसचा. भारतीय गोष्टीला ग्रीक माणसाने संगीत दिलं याचं कुणाला वाईट वाटेल, मला वाटलं नाही. त्यांनी गेमसाठी वेगळं बसून काम केलं, एवढं मला पुरतं.

कधी बंद करायचं

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. 'माइनक्राफ्ट' तुम्ही खेळला असाल. त्याचं म्युझिक सतत वाजत नाही. सी-फोर-वन-एट या नावाने संगीत करणाऱ्या डॅनियल रोझेनफेल्डच्या त्या पियानोच्या धुना मधेच येतात, जातात, आणि बराच वेळ काहीच नसतं. म्हणून त्या आल्या की माणूस हातातलं काम थांबवून ऐकतो.

तुमच्या गेममध्ये पाणी धोक्याच्या वर गेलंय. तिसरा थर चालू आहे, ठोके दाट झालेत. पोरगं शेवटची वस्तू घेऊन वर येतं. आता इथे आणखी काय लावाल? माझं मत, ढोल पूर्ण बंद करा. पाऊसही अर्ध्यावर आणा. खाली भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज येऊ द्या, पाण्यावर तरंगणाऱ्या. लाइट गेलेली, कुणी बोलत नाही. पुरात रात्र काढलेल्या माणसांना हा आवाज वेगळा सांगावा लागत नाही.

आणि सेटिंगमध्ये म्युझिक बंद करायचं बटण द्या, इफेक्टपासून वेगळं. काहींना ते पहिल्या मिनिटाला लागेल.

गेम पूर्ण झाला की स्पर्धेला पाठवण्याआधी एक काम करा. बाजारपेठेतल्या अशा कुणाला तरी खेळायला द्या, जे त्या रात्री वरच्या मजल्यावर होते. आधी स्पष्ट सांगा की हा पुराचा गेम आहे, आणि नको म्हणाले तर आग्रह करू नका. हो म्हणाले तर हेडफोन द्या आणि बाजूला बसा. स्क्रीनकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. हेडफोनकडे हात कधी जातो, ते वहीत लिहून ठेवा. मिनिट आणि सेकंद. मग घरी येऊन ऑडॅसिटी उघडा आणि तिथे काय वाजत होतं ते पुन्हा ऐका.